श्रीहरिकोट्याला रॉकेट पाहायला जायचे असेल तर



गेल्या कोजागिरीला दूध आटेपर्यंत गप्पा चालल्या होत्या. तेव्हा मी श्रीहरिकोट्याला जाऊन आल्याचा विषय निघाला आणि चार-पाच कुटुंबांनी एकच प्रश्न विचारला: "आम्हालाही मुलांना घेऊन जायचे आहे, कसे जायचे ते सांगा." प्रत्येकाला फोनवर सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढावे म्हणून हा लेख.

मी दोनदा गेलो. पहिल्यांदा २०१९ मध्ये, तेव्हा काहीच दिसले नाही. दुसऱ्यांदा २०२३ मध्ये, तेव्हा सगळे दिसले. मला शहाणपण आले ते पहिल्या फेरीत, म्हणून तीही सांगतो. मी वाणिज्य शाखेचा माणूस, उभी नोकरी बँकेत गेली. विज्ञानाचे जे लिहिले आहे ते वाचून, ऐकून आणि विचारून समजून घेतलेले आहे.

श्रीहरिकोटा कुठे आहे आणि तिथेच का?

श्रीहरिकोटा हे आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यालगतचे लांबट बेट आहे. पूर्वेला बंगालचा उपसागर आणि पश्चिमेला पुलिकतचे खाऱ्या पाण्याचे विस्तीर्ण सरोवर. पूर्वी हा भाग नेल्लोर जिल्ह्यात होता, २०२२ पासून तिरुपती जिल्ह्यात आहे. चेन्नईहून उत्तरेला रस्त्याने साधारण शंभर किलोमीटर. इथल्या केंद्राचे नाव सतीश धवन अंतराळ केंद्र. प्राध्यापक धवन २००२ साली गेले, त्याच वर्षी त्यांचे नाव केंद्राला दिले गेले.

आपल्याकडे एवढा समुद्रकिनारा असताना रॉकेट तिकडून का सोडतात, असे मला कोणीतरी विचारले होते. कारण सोपे आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. श्रीहरिकोट्याच्या अक्षांशावर जमिनीचा हा वेग ताशी सोळाशे किलोमीटरच्या आसपास भरतो. रॉकेट पूर्वेकडे सोडले की हा वेग त्याला फुकट मिळतो आणि तेवढे इंधन वाचते. दुसरे म्हणजे रॉकेटचे वापरून झालेले टप्पे खाली पडतात. पूर्व किनाऱ्यावरून सोडले तर ते समुद्रात पडतात. तेच आपल्या सुरतच्या किनाऱ्यावरून पूर्वेकडे सोडले तर ते खानदेश-विदर्भावर येतील! ध्रुवांवरून जाणारे उपग्रह दक्षिणेकडे सोडावे लागतात. तेव्हाही श्रीलंकेवरून जायला नको म्हणून रॉकेट वाटेत थोडे वळण घेते.

ही जागा शोधण्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे, हे आपल्या मुलांना जरूर सांगावे. कोल्हापूरचे डॉ. एकनाथ चिटणीस हे अहमदाबादला डॉ. विक्रम साराभाईंचे सहकारी होते. केरळातल्या थुंब्याची जागा ठरवण्यात त्यांचा सहभाग होता. तिथून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी देशातले पहिले रॉकेट उडाले. पुढे १९६८ मध्ये पूर्व किनाऱ्यावर जागा शोधण्याचे कामही साराभाईंनी त्यांच्यावरच सोपवले. ऑक्टोबर २०२५ मध्ये, वयाची शंभर वर्षे पूर्ण करून, ते पुण्यात वारले. रॉकेटच्या घन इंधनाच्या कामात डॉ. वसंत गोवारीकर यांचे नाव अग्रभागी आहे. पुण्यात जन्मलेले आणि वडोदऱ्यात शाळा शिकलेले प्रमोद काळे अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरचे आणि नंतर तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक झाले. म्हणजे गुजरातेत वाढलेल्या मराठी मुलाने या क्षेत्रात जाणे ही काही नवी गोष्ट नाही.

श्रीहरिकोट्याहून पहिले छोटे रॉकेट ९ ऑक्टोबर १९७१ रोजी सुटले. १० ऑगस्ट १९७९ चा उपग्रह सोडण्याचा पहिला प्रयत्न फसला. १८ जुलै १९८० रोजी तो यशस्वी झाला. २९ जानेवारी २०२५ रोजी सकाळी ६ वाजून २३ मिनिटांनी इथून शंभरावे उड्डाण झाले.

पहिली फेरी: जुलै २०१९

सामान्य माणसाला उड्डाण पाहता यावे म्हणून इस्रोने बेटावर खुल्या प्रेक्षागृहासारखी लॉंच व्ह्यू गॅलरी बांधली आणि २०१९ च्या मार्चअखेर ती लोकांसाठी उघडली. १ एप्रिलचे पीएसएलव्हीचे उड्डाण लोकांनी तिथून पाहिले. त्या आधी ओळखीशिवाय आत जाता येणे कठीण होते.

त्याच जूनमध्ये चांद्रयान-२ ची तारीख जाहीर झाली: १५ जुलै, पहाटे २ वाजून ५१ मिनिटे. मी नुकताच निवृत्त झालो होतो. बातमी वाचून आमच्या थोरल्या बंधूंचा, म्हणजे दादांचा फोन आला, "अरे, जायचं का?"

दादांची सगळी नोकरी साखर कारखान्यात बॉयलरवर झाली. दाब, वाफ, व्हॉल्व्ह हे त्यांचे जग. रॉकेट म्हणजे त्यांच्या लेखी एक फार मोठा बॉयलर, ज्याच्या खालचे झाकण उघडे ठेवले आहे! त्यांना आणखी एक कौतुक होते. पुणे जिल्ह्यातल्या वालचंदनगरला साखर कारखान्यांची यंत्रे बनतात, आणि त्याच कंपनीत रॉकेटच्या घन इंधनाच्या मोटारींची आवरणेही बनतात. "जे हात आमच्या मिलचे रोलर बनवतात, तेच चंद्रावर जायचं सामान बनवतात," हे त्यांनी मला किती वेळा ऐकवले असेल!

दादा, त्यांचा नऊ वर्षांचा नातू आणि मी असे तिघे निघालो. जाण्या-येण्याची रेल्वेची तिकिटे मी जूनमध्येच काढली. जुलैच्या सुरुवातीला गॅलरीची नोंदणी उघडली, तेव्हा पुतण्याने तिघांची नावे घातली. आषाढी एकादशीचा उपवास करून शुक्रवारी रात्री सुरतहून निघालो आणि रविवारी सकाळी चेन्नईला पोचलो. त्याच रात्री गॅलरीत बसलो होतो. पौर्णिमा दोन दिवसांवर होती, ढगांतून मधूनमधून चंद्र दिसत होता. समोरच्या मोठ्या पडद्यावर उलटी मोजणी चालू होती. पोरे झोपेला आली होती तरी झोपत नव्हती.

५६ मिनिटे २४ सेकंद उरलेली असताना घड्याळ थांबले.

बराच वेळ कोणालाच काही कळेना. मग जाहीर झाले की तांत्रिक कारणाने उड्डाण आज होणार नाही. लोक हळूहळू उठले. कोणी रागावलेही. आमचे दादा मात्र शांत होते. नंतर वर्तमानपत्रांत आले की हेलियमच्या बाटलीतला दाब गळतीमुळे कमी होत होता. ते वाचून दादा म्हणाले, "दाब धरत नाही हे दिसत असताना जो बॉयलर पेटवतो, त्याला कामावर ठेवू नये. यांनी बरोबर केलं."

बस आणि गर्दीतून वाट काढत आम्ही सुल्लुरपेटा स्टेशनवर आलो. फलाटावर बसून सकाळच्या लोकलची वाट पाहिली. नातू मांडीवर झोपला होता. तेव्हा दादा म्हणाले, "आलोच आहोत तर आठ दिवस थांबू या. मोठी दुरुस्ती नसेल तर हे लोक लवकर सोडतील."

माझ्या खिशात १६ तारखेची परतीची आरक्षित तिकिटे होती. नवी तारीख जाहीर झाली नव्हती. काही आठवडे लागतील अशीही चर्चा होती. मी म्हणालो, "दादा, तारीख माहीत नसताना थांबणं म्हणजे मुदत न लिहिलेली ठेव. तिकिटं रद्द करायची, लॉजचं भाडं भरायचं, आणि हाती काय?" दादा पुढे काही बोलले नाहीत. आम्ही घरी आलो.

१८ जुलैला नवी तारीख आली: २२ जुलै, दुपारी २ वाजून ४३ मिनिटे. तत्काळ तिकिटांसाठी धडपड केली, मिळाली नाहीत. २२ तारखेला बारडोलीच्या घरी, दिवाणखान्यात, आम्ही ते उड्डाण टीव्हीवर पाहिले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दादा म्हणाले, "सेफ्टी व्हॉल्व्ह सुटतो ना, तेव्हा तो पोटात कळतो. ते यात नाही."

पुढच्या वेळी नक्की जाऊ, असे ठरले. मग कोरोना आला. २०२१ च्या एप्रिलमध्ये दादा गेले.

तिघांचे मिळून जास्तीचे पाच-सहा हजार रुपये लागले असते. ते मी वाचवले. बँकेत असताना लोकांना जोखीम समजावून सांगत होतो, आणि इथे मला स्वतःला ती कळली नाही. म्हणून या लेखात मला एकच गोष्ट आग्रहाने सांगायची आहे: परतीचे तिकीट उड्डाणाच्या तारखेला चिकटवून काढू नका. बाकीची माहिती पुढे आहेच.

तारीख का बदलते?

रेल्वे उशिरा सुटली तरी गावाला पोचते. रॉकेटचे तसे नसते. उपग्रहाला ठरलेल्या कक्षेत नेऊन सोडायचे असते. पृथ्वी फिरत असल्याने ती कक्षा आपल्या तळावरून ठरावीक वेळीच बरोबर येते. चंद्रावर जायचे तर चंद्र कुठे आहे तेही पाहावे लागते. ठरलेल्या वेळेत काम झाले नाही तर दुसरा मुहूर्त काढावा लागतो.

दुसरे कारण इंधन. पीएसएलव्हीचा पहिला टप्पा घन इंधनाचा असतो. एलव्हीएम-३ या सर्वांत मोठ्या रॉकेटच्या दोन्ही बाजूंच्या मोटारीही घन इंधनाच्या. घन इंधन एकदा पेटले की विझवता येत नाही. त्यामुळे जी काही शंका असेल ती पेटवण्याआधीच फेडून घ्यावी लागते. एलव्हीएम-३ च्या वरच्या टप्प्यात द्रवरूप हायड्रोजन उणे २५३ अंशाला आणि द्रवरूप ऑक्सिजन उणे १८३ अंशाला ठेवलेला असतो. हे भरण्याचे काम शेवटच्या काही तासांत होते, आणि एवढ्या थंडीने एखादा सांधा आकसला तर गळती तेव्हाच लक्षात येते. म्हणून अडचण अगदी शेवटी उभी राहते. चांद्रयान-२ ची चूकही इंधन भरल्यावरच दिसली.

तिसरे कारण हवामान. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात तिकडे परतीच्या पावसाची आणि चक्रीवादळांची धास्ती असते. आपल्याकडे दिवाळीची सुट्टी नेमकी तेव्हाच येते, हे लक्षात ठेवावे.

दोन अलीकडची उदाहरणे देतो. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी गगनयानाची एक चाचणी सकाळी ८ ला होती. खराब हवामानामुळे ती ८.४५ वर गेली. मग अवघे ५ सेकंद उरलेले असताना संगणकाने मोजणी थांबवली. दोष शोधून, दुरुस्त करून, १० वाजता उड्डाण झाले. ज्यांनी निराश होऊन जागा सोडली असेल त्यांचे काय झाले असेल पाहा. दुसरे, डिसेंबर २०२४ मधले युरोपच्या प्रोबा-३ चे उड्डाण. ४ तारखेला तासाभरापेक्षा कमी वेळ उरला असताना ते थांबले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ४.०४ ला झाले. एक मुक्काम वाढवला असता तरी पुरले असते.

नोंदणी

१. गॅलरीची नोंदणी इस्रोच्या संकेतस्थळावर होते. प्रवेशाला पैसे लागत नाहीत. कोणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नयेत.

२. नोंदणी उड्डाणाच्या थोडेच दिवस आधी उघडते. मोठ्या मोहिमेच्या जागा फार लवकर संपतात. घरातल्या तरुण मुलामुलींना आधीच सांगून ठेवावे. सर्वांची नावे, वये आणि ओळखपत्रांचे क्रमांक एका कागदावर तयार ठेवावेत.

३. नाव ओळखपत्रावर जसे आहे तसेच भरावे. आपल्याकडे आडनाव पुढे की मागे याचा घोळ नेहमी होतो. बँकेत मी तो रोज पाहिला आहे.

४. मूळ ओळखपत्र बरोबर न्यावे. परदेशी पासपोर्ट असलेले नातेवाईक येणार असतील तर त्यांच्यासाठीचे नियम आधी वाचावेत.

५. प्रत्येक उड्डाणाला गॅलरी खुली असतेच असे नाही. नोंदणी उघडल्याची सूचना आल्याशिवाय ती गृहीत धरू नये.

आता प्रश्न येतो: रेल्वेचे आरक्षण दोन महिने आधी करावे लागते आणि गॅलरीची नोंदणी आठवडाभर आधी उघडते. मग काय करायचे? जाण्याचे तिकीट आधी काढावे आणि गॅलरी मिळाली नाही तर बाहेरून पाहण्याची मनाची तयारी ठेवावी. बाहेरून कुठून दिसते ते पुढे सांगितले आहे.

बारडोलीहून प्रवास

आपल्याला सोयीची गाडी म्हणजे अहमदाबाद-चेन्नई नवजीवन एक्सप्रेस. ती सुरतहून आपल्याच ताप्ती मार्गाने नंदुरबार, जळगाव, भुसावळ करत वर्धा, बल्लारशा, विजयवाडा मार्गे जाते. म्हणजे गाडी बारडोलीवरूनच जाते, तरी बसायला सुरत गाठलेले बरे. नंदुरबार-अमळनेरकडच्या नातेवाईकांना बरोबर न्यायचे असेल तर ते वाटेत चढू शकतात. प्रवास एक दिवसाहून जास्त आहे. ज्येष्ठांना खालची बर्थ मिळेल असे पाहावे.

श्रीहरिकोट्याचे रेल्वे स्टेशन म्हणजे सुल्लुरपेटा, चेन्नई-गुडूर मार्गावर. चेन्नईहून तिथपर्यंत लोकल जाते. सुल्लुरपेट्याहून बेट वीसेक किलोमीटर. हा रस्ता पुलिकत सरोवरातून जातो, दोन्ही बाजूंना पाणी. हिवाळ्यात इथे रोहित पक्षी येतात. सुल्लुरपेटा भागात त्यांच्या नावाने उत्सवही भरतो. जवळच नेलपट्टूचे पक्षी अभयारण्य आहे.

बेटावर आपल्याला राहता येत नाही. सुल्लुरपेट्यात साधी लॉजेस आहेत, पण मोठ्या मोहिमेच्या वेळी ती भरतात. मुले आणि वयस्कर माणसे बरोबर असतील तर मुक्काम चेन्नईत ठेवावा. उड्डाण रात्रीचे किंवा पहाटेचे असेल तर परत कसे यायचे हे आधी ठरवावे. गाडी भाड्याने केली असेल तर चालकाला "उशीर झाला तरी थांबायचे" असे स्पष्ट सांगावे. जेवण म्हणजे भात, सांबार, रस्सम आणि तिखट लोणचे. ज्यांना पोळीशिवाय चालत नाही त्यांनी दशम्या बरोबर घ्याव्यात, दोन दिवस टिकतात.

गॅलरी उघडी आहे, त्यामुळे टोपी, पाणी, ओआरएसची पाकिटे आणि पावसाळ्यात रेनकोट हवा. दमट उकाडा आपल्या मे महिन्यालाही लाजवतो. मोठे सामान मुक्कामावर ठेवावे. तपासणीची रांग मोठी असते, म्हणून किमान तीन तास आधी पोचावे. गॅलरीजवळ रॉकेटच्या प्रतिकृती आणि प्रदर्शन आहे, तिथे मुलांचा वेळ चांगला जातो.

दुसरी फेरी: १४ जुलै २०२३

चांद्रयान-३ साठी इस्रोने आधी १२ ते १९ जुलै असा काळ सांगितला होता. मग १३ जुलै ही तारीख आली. मग ती बदलून १४ जुलै, दुपारी २.३५ झाली. मी या वेळी शहाणा झालो होतो. ११ तारखेला पोचेन असे जाण्याचे आणि २० तारखेचे परतीचे तिकीट काढले होते. बरोबर दादांचा नातू होता, आता तेरा वर्षांचा. गॅलरीत आम्हाला जागा मिळाली.

काय दिसते ते सांगतो. गॅलरीतून प्रक्षेपणाचा तळ काही किलोमीटर दूर असतो. मोजणी शून्यावर आली की झाडांच्या वर केशरी उजेड होतो, आपल्याला वाटले होते त्यापेक्षा कितीतरी झगझगीत. ६४० टनांचे, चौदा मजली इमारतीएवढे उंच धूड वर सरकू लागते. आणि हे सगळे निःशब्द! काहीतरी बिघडले की काय, असे क्षणभर वाटते. आवाज नंतर येतो. प्रकाश लगेच पोचतो, आवाजाला मात्र एक किलोमीटरला साधारण तीन सेकंद लागतात. मुलांना उजेड दिसल्यापासून सेकंद मोजायला सांगा आणि त्याला तीनने भागा. तळ किती किलोमीटरवर आहे ते तिथल्या तिथे कळेल.

आवाज आला तो कानात नाही, छातीत आला. सलग फटाक्यांच्या लडीसारखा, पण फार खोल. खालची पायरी हलल्यासारखी वाटली. नातवाने माझा हात धरला आणि काहीतरी ओरडून म्हणाला, मला ऐकू आले नाही. आवाज ओसरल्यावर विचारले, तेव्हा म्हणाला, "छोटे आजोबा, पोटात कळलं."

चार वर्षांपूर्वी टीव्हीसमोर दादा जे बोलले ते त्या पोराच्या लक्षात होते.

एलव्हीएम-३ मध्ये सुरुवातीला फक्त बाजूच्या दोन घन मोटारी जळत असतात. मधले द्रव इंधनाचे इंजिन पावणेदोन मिनिटांच्या सुमारास वर आकाशातच पेटते आणि दोन मिनिटे झाली की बाजूच्या मोटारी गळून पडतात. ढग नसतील तर हे नुसत्या डोळ्यांना ठिपक्यासारखे दिसते. नंतर पडद्यावर पाहायचे. साधारण सोळा मिनिटांनी यान रॉकेटपासून वेगळे झाल्याचे जाहीर झाले आणि सगळी गॅलरी उभी राहिली. शेजारचे कुटुंब तेलुगू होते. त्यांची भाषा आम्हाला येत नव्हती, आमची त्यांना, पण पेढे त्यांनी दिले आणि चिक्की आम्ही.

एक सूचना. पहिली वीस सेकंदे मोबाईल खाली ठेवा. चित्रण इस्रो आपल्यापेक्षा चांगले करते आणि ते फुकट मिळते.

गॅलरी मिळाली नाही तर

निराश होऊ नये. सुल्लुरपेट्याच्या परिसरातून आणि तमिळनाडूतल्या पळवेरकाडू, म्हणजे पुलिकत गावाच्या बाजूने रॉकेट वर जाताना चांगले दिसते. आकाश निरभ्र असेल तर चेन्नईच्या समुद्रकिनाऱ्यावरूनही दिसते, रात्रीचे उड्डाण तर जास्तच ठळक. मात्र पोलिसांनी अडवलेल्या रस्त्याने पुढे जाण्याचा हट्ट करू नये. उड्डाणाच्या वेळी समुद्राचा तो भाग कोळ्यांनाही बंद असतो, त्या दिवसाचे त्यांचे मासे बुडतात. आपली तर फक्त हौस आहे.

ज्यांना एवढा लांबचा प्रवास झेपणार नाही त्यांनी मुलांना अहमदाबादला स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरमधील विक्रम साराभाई प्रदर्शन दाखवावे. एका मुक्कामात होते.

हातातल्या जास्तीच्या दिवसांचे काय करायचे?

हा प्रश्न २०१९ मध्ये मला पडला होता. त्याचे उत्तर २०२३ मध्ये मिळाले. उड्डाण १४ ला झाले, परतीचे तिकीट २० चे होते. आम्ही रात्रीच्या गाडीने तंजावरला गेलो. तिथे भोसल्यांचा राजवाडा आहे, सरफोजी महाराजांनी वाढवलेले सरस्वती महाल ग्रंथालय आहे, त्यात मराठी हस्तलिखिते आहेत. बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे, १८०३ सालचा. नातवाने त्या भिंतीवरचे एक-एक अक्षर लावत चार शब्द वाचले. बारडोलीत शाळा गुजरातीतून शिकणाऱ्या पोराने तंजावरात जाऊन मराठी वाचले, याचा मला रॉकेटइतकाच आनंद झाला. उड्डाण पुढे गेले असते तर तंजावर आधी आणि श्रीहरिकोटा नंतर, एवढाच फरक. तेव्हा जास्तीचे दिवस वाया जातात हा समज काढून टाकावा.

शेवटचा हिशोब

बँकेत आम्ही कर्ज देताना मार्जिन ठेवत असू. शंभराच्या मालावर शंभर कर्ज कधी देत नसू, कारण भाव केव्हा पडेल याचा नेम नाही. या प्रवासातही तसेच करावे. जाताना उड्डाणाच्या दोन दिवस आधी पोचा. परतीचे तिकीट किमान पाच-सहा दिवस नंतरचे काढा. इतके करूनही उड्डाण महिनाभर पुढे जाऊ शकते. तेव्हा परत यावेच लागेल, पण निदान आपण आपला वाटा भरला असेल.

घरात कोणा ज्येष्ठाला जायचे असेल तर "पुढच्या वेळी" म्हणू नका. रॉकेट पुढच्या वर्षीही उडणार आहेत.

२३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले, तेव्हा आम्ही सगळे वहिनींकडे जमलो होतो. दादांच्या फोटोशेजारी नातवाने गॅलरीचा प्रवेशपास ठेवला आहे. तो अजून तिथेच आहे.

पुढच्या मोठ्या मोहिमेची तारीख जाहीर झाली की दहा-बारा कुटुंबांनी एकत्र जावे असे माझ्या मनात आहे. ज्यांची इच्छा असेल त्यांनी मंडळाच्या कार्यालयात नावे द्यावीत. तिकिटांचा हिशोब मी पाहीन. परतीची तारीख मात्र मी म्हणेन ती!